चिल्कूट खिंडीतील रांग : एका छायाचित्राचा प्रकरण अभ्यास

अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेवर चिल्कूट नावाची खिंड आहे. १८९७-९८च्या हिवाळ्यात तेथे काढलेले एक दृश्य जगभर इतक्या वेळा छापले गेले आहे की, कॅनडातील क्लोंडाइक नदीच्या परिसरातल्या सोन्याचा विषय निघाला की बहुतेक वाचकांना तेच आठवते. बर्फाने झाकलेल्या उघड्या उतारावर काळ्या ठिपक्यांची एक अखंड, तिरकी रेघ थेट वरच्या खाचेपर्यंत चढत गेलेली दिसते. नीट पाहिल्यावर कळते की त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे पाठीवर ओझे घेऊन कमरेत वाकलेला माणूस आहे. या दृश्याखाली सहसा ‘सोन्यासाठी निसर्गाशी झुंजणारे खाणकामगार’ अशा अर्थाची एखादी ओळ असते. या लेखात तपासायचे आहे ते एवढेच की, ती ओळ छायाचित्रातील पुराव्याला कितपत धरून आहे आणि उत्तरेकडील अरण्यांची व तेथील उद्योगांची जुनी छायाचित्रे वापरताना या एका उदाहरणातून कोणत्या अडचणी समोर येतात.

पहिली अडचण स्थळाचीच आहे. क्लोंडाइकचे म्हणून सर्वाधिक प्रसिद्ध असलेले हे छायाचित्र क्लोंडाइकचे नाहीच. सोने सापडले ते कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील रॅबिट क्रीक या ओढ्यात, १६ ऑगस्ट १८९६ रोजी. ते शोधणाऱ्या गटात केइश ऊर्फ स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली, बहीण शा त्ला ऊर्फ केट आणि तिचा नवरा जॉर्ज कारमॅक हे होते. त्या ओढ्याला पुढे बोनान्झा हे नाव पडले. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती जवळजवळ वर्षभराने, जुलै १८९७मध्ये, सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या बंदरांत सोने घेऊन बोटी लागल्या तेव्हा. त्यानंतर घर सोडून निघालेल्यांची संख्या सुमारे एक लाख धरली जाते आणि प्रत्यक्ष पोहोचलेल्यांची तीस ते चाळीस हजार. त्यांच्यापैकी पुष्कळांनी डायी या किनाऱ्यावरील वस्तीपासून चिल्कूट खिंड ओलांडून बेनेट सरोवरापर्यंतची सुमारे ५३ किलोमीटरची पायवाट धरली. सरोवरावर पोहोचल्यावर झाडे तोडून होड्या बांधायच्या, बर्फ फुटण्याची वाट पाहायची आणि नदीच्या प्रवाहाबरोबर सोन्याच्या ओढ्यांजवळचे डॉसन हे गाव गाठायचे, असा क्रम होता. तो जलमार्गही ८०० किलोमीटरांहून अधिक होता. म्हणजे छायाचित्रातली माणसे सोन्यापासून जवळपास हजारभर किलोमीटर दूर आहेत, त्यांच्या हाती अजून घमेले-फावडे आलेले नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती ते पुढेही कधी आले नाही.

चौकटीत काय दिसते

या दृश्याच्या ज्या आवृत्त्या प्रसिद्ध आहेत, त्यांत पायथ्याशी एक सपाट जागा दिसते. तेथे पोती, पेट्या, गाठोडी यांचे ढीग लागलेले असतात आणि त्यांच्या आसपास माणसे बसलेली किंवा नुसतीच उभी असतात. या जागेला ‘स्केल्स’ म्हणत, कारण तेथे ओझ्यांचे पुन्हा वजन केले जाई आणि पुढचा चढ अवघड असल्याने हमालीचा दर वाढवला जाई. चित्राचा अर्थ लावण्याची किल्ली मला या ढिगांतच आहे असे वाटते. आपली नजर सवयीने वर, रांगेकडे आणि खिंडीकडे जाते. पण ती रांग कशासाठी आहे याचे उत्तर खाली पडलेल्या मालात आहे.

स्केल्सपासून माथ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा साधारण ३०० मीटर उंचीचा होता. काही हिकमती लोकांनी कुऱ्हाडींनी बर्फात सुमारे १,५०० पायऱ्या कोरल्या, आधारासाठी दोर लावला आणि चढणाऱ्यांकडून त्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. ‘सोनेरी पायऱ्या’ हे नाव त्या वाटेलाच मिळाले. हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांइतका हा चढ उभा नव्हता, पण येथे थंडी शून्याखालची होती, पाठीवर पंचवीस-तीस किलो ओझे होते आणि मागेपुढे माणूस चिकटलेला होता. पायरीवर एका वेळी एकच जण मावत असल्याने सगळ्यांना एकाच चालीने सरकावे लागे. दम खाण्यासाठी बाजूला छोट्या खाचा कोरलेल्या होत्या, पण एकदा रांगेबाहेर पडले की पुन्हा आत शिरायला फट मिळणे कठीण असे. छायाचित्रात रांग इतकी सलग दिसते त्याचे कारण शिस्त किंवा जिद्द यांपेक्षा वाटेच्या रुंदीत आहे. रांगेच्या शेजारी काही चित्रांत एक गुळगुळीत, घासलेली पन्हाळ दिसते. ओझे वर टाकून रिकाम्या हाताने परतणारी माणसे बसून घसरत खाली येत, त्यांची ती वाट.

ती माणसे परतत का होती, हा प्रश्न चित्र पाहणारे सहसा विचारत नाहीत. फेब्रुवारी १८९८मध्ये कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर चौकी बसवली आणि वर्षभर पुरेल इतका शिधा बरोबर असल्याशिवाय कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. डॉसनमध्ये त्याच हिवाळ्यात अन्नाची टंचाई झाली होती, त्यामुळे नियमाला आधार होता. शिधा, तंबू, हत्यारे, खिळे, कपडे हे सगळे मिळून माणशी सुमारे एक टन, म्हणजे ९०० किलो सामान होई. त्या काळच्या याद्यांत नुसते पीठच ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८० किलो धरलेले असे. एका खेपेला तीस किलो या हिशेबाने ज्याला हमाल परवडत नव्हता त्याला त्याच पायऱ्या तीस वेळा चढाव्या लागत. तीस वेळा ३०० मीटर म्हणजे ९,००० मीटर. एव्हरेस्टच्या उंचीहून थोडी जास्त चढाई, आणि तीही पन्नास किलोमीटरांच्या वाटेतल्या एका तुकड्यावर. म्हणून छायाचित्रात दिसणारी शेकडो माणसे म्हणजे शेकडो स्वतंत्र प्रवासी असे समजणे चुकीचे ठरते. त्यांतले कित्येक जण कालही त्याच रांगेत होते आणि उद्याही असणार होते. एकाच माणसाला आपण अनेक दिवसांच्या अनेक छायाचित्रांत पाहत असू, याची शक्यता बरीच आहे.

एवढे लक्षात घेतले की हे छायाचित्र साहसाचे चित्र म्हणून नव्हे, तर मालवाहतुकीचा दस्तऐवज म्हणून समोर येते. वजनाची जागा, दरवाढ, पायऱ्यांचा टोल, माथ्यावरची तपासणी, जकात असे सगळे टप्पे त्या एका उतारावर आहेत. निर्मनुष्य अरण्य म्हणावे असे त्या चौकटीत फक्त आकाश आणि वरचे कडे आहेत.

चौकटीबाहेर काय राहिले

ही वाट बाहेरून आलेल्या लोकांनी शोधलेली नाही. चिल्कूट आणि चिल्कॅट त्लिंगिट लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून अंतर्भागातील जमातींशी व्यापार करत होते. किनाऱ्यावरच्या युलाकॉन माशांचे तेल आत जाई आणि फर बाहेर येई. खिंडीवर त्यांचा हक्क इतका पक्का होता की, १८८०च्या सुमारास अमेरिकन नौदलाने मध्यस्थी केल्यानंतरच गोऱ्या सोनेशोधकांना तेथून जाता येऊ लागले. क्लोंडाइकची बातमी फुटली तेव्हा या व्यापारी लोकांनी हमालीचा धंदा हातात घेतला. पुरुष, स्त्रिया आणि वयात येणारी मुलेही ओझी वाहत. दर पौंडावर ठरे आणि मागणी वाढली की तोही वाढे. त्यांच्यातील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती झालेले हमाल रविवारी काम करायला नकार देत, आणि घाईत असलेल्या प्रवाशांची त्यावरून चिडचिड होई, असे त्या काळच्या वृत्तांतांतून दिसते. दूरवरून घेतलेल्या प्रसिद्ध दृश्यात हे लोक वेगळे ओळखूच येत नाहीत. जवळून घेतलेल्या, कमी छापल्या गेलेल्या छायाचित्रांत मात्र कपाळावरून पट्टा घेऊन ओझे पेलणारे त्लिंगिट हमाल स्पष्ट दिसतात. लांबून पाहणाऱ्या कॅमेऱ्याने सगळ्यांना एकसारखे ठिपके केले आणि नंतरच्या मथळ्यांनी त्या सगळ्या ठिपक्यांना ‘सोनेशोधक’ ठरवले.

दुसरी अनुपस्थिती यंत्रांची आहे. पैसे मोजू शकणाऱ्यांचा माल दोरखंडाने वर ओढण्याची सोय डिसेंबर १८९७मध्येच सुरू झाली होती आणि १८९८च्या वसंतापर्यंत खांबांवरून धावणारे तारमार्गही चालू झाले. त्याच मोसमातील इतर छायाचित्रांत तारा, खांब आणि लोंबकळणारे डबे दिसतात. प्रसिद्ध चौकटीत मात्र फक्त माणसे आहेत. छायाचित्रकाराने तारा मुद्दाम टाळल्या असे म्हणता येणार नाही, कारण ज्या दिवशी काच (त्या काळची काचेची निगेटिव्ह) वापरली त्या दिवशी त्या कदाचित तेथे नसतीलही. निवड केली ती पुढच्या संपादकांनी. उपलब्ध चित्रांपैकी जे चित्र केवळ स्नायूंच्या बळाची गोष्ट सांगते, तेच त्यांनी पुन्हापुन्हा उचलले.

३ एप्रिल १८९८ रोजी, पाम रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), खिंडीच्या खालच्या भागात हिमलोट कोसळला आणि साठाहून अधिक माणसे गाडली गेली. त्याआधी कित्येक दिवस ओला बर्फ पडत होता आणि जाणत्या त्लिंगिट हमालांनी वर जायला नकार दिला होता. बर्फात खड्डे खणून मृतदेह बाहेर काढणाऱ्या माणसांची छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि मृतांचे दफन जेथे झाले ती डायीची दफनभूमीही आहे. पण काही दिवसांत रांग पुन्हा सुरू झाली. रांगेचे तारीख नसलेले छायाचित्र हिमलोटाच्या आधीचे की नंतरचे, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

काच कोणाची, नाव कोणाचे

या दृश्याशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव एरिक हेग याचे आहे. स्वीडनमध्ये १८६७ साली जन्मलेला, लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेला हेग वॉशिंग्टन राज्यात, आज बेलिंगहॅम म्हणतात त्या भागात, स्टुडिओ चालवत होता. १८९७मध्ये तो उत्तरेकडे निघाला आणि डायी येथे त्याने दुकान थाटले. त्याची स्वतःची घसरगाडी लांब केसांचे बोकड ओढत असत आणि तिच्यावर अलास्काची दृश्ये विकत मिळतील अशी जाहिरात रंगवलेली होती. तिचे छायाचित्रही उपलब्ध आहे. इतिहासकार त्याच्याकडे बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून पाहतात, पण ती गाडी पाहिली की तो त्या वाटेवरचा एक व्यापारीही होता हे विसरता येत नाही. पायऱ्या कोरणारा टोल घेत होता, हमाल पौंडामागे पैसे घेत होता, आणि हेग त्या सगळ्यांची दृश्ये त्यांनाच विकत होता. घरी पाठवण्यासाठी ‘आम्ही येथून गेलो’ असे दाखवणारे चित्र लोकांना हवे होते, आणि माथ्याकडे जाणारी रांग त्यासाठी सर्वांत सोयीची होती, कारण त्या रांगेत प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःला कल्पू शकत होता.

पण हेग एकटा नव्हता. सिएटलचा फ्रँक ला रोश, जूनोचे विंटर आणि पाँड, तसेच एसाहेल कर्टिस असे अनेक जण याच वाटेवर कॅमेरे घेऊन फिरत होते. सपाट जागा एकच, चढ एकच, रांग एकच, त्यामुळे त्यांची चित्रे एकमेकांसारखी दिसणे अपरिहार्य होते. शिवाय काचेच्या निगेटिव्हचा व्यवहार आजच्या स्वामित्वहक्काच्या कल्पनांनुसार चालत नसे. मथळा, क्रमांक आणि नाव काचेवरच लिहिले जाई, म्हणून काच ज्याच्या हाती त्याला जुने नाव पुसून नवे घालणे शक्य होते. हेगबरोबर काम केलेला पेर एडवर्ड लार्स आणि त्याचा भागीदार जोसेफ डुक्लो यांनी डॉसनमध्ये हेगच्या काचांवरून प्रती काढून विकल्या. त्यामुळे एकच दृश्य दोन नावांनी आढळते आणि त्यात लबाडी शोधण्याची गरज नसते.

कर्टिस बंधूंचे प्रकरण मात्र कटू झाले. एसाहेल हा एडवर्ड कर्टिसचा धाकटा भाऊ. एडवर्ड पुढे उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध झाला. तेव्हा त्याचा सिएटलमध्ये स्टुडिओ होता आणि एसाहेल त्याच्या वतीने उत्तरेत गेला होता. मार्च १८९८च्या ‘सेंच्युरी’ मासिकात क्लोंडाइकच्या गर्दीवरील लेख चित्रांसह आला तो एडवर्डच्या नावाने. स्टुडिओच्या नोकराने काढलेले चित्र मालकाचे, हा त्या काळचा सर्वमान्य रिवाज होता, आणि एडवर्डची बाजू तीच होती. प्रत्यक्ष बर्फात काचा वाहून नेणाऱ्याला ते पटणे शक्य नव्हते. दोघा भावांमधला दुरावा पुढे कधीच मिटला नाही. एखाद्या प्रतीखाली नुसते ‘कर्टिस’ असे लिहिलेले आढळले, तर कोणता कर्टिस हे विचारल्याशिवाय ती ओळ पुढे नेऊ नये, असे मला वाटते.

उद्योग दुसऱ्याच काचांवर आहे

सोने काढण्याचा खरा उद्योग पाहायचा असेल तर खिंड सोडून बोनान्झा आणि एल्डोराडो या ओढ्यांवरची छायाचित्रे उघडली पाहिजेत. तेथील जमीन कायम गोठलेली असते, म्हणून सोने असलेल्या रेतीच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी रात्री लाकडे जाळून माती वितळवायची, सकाळी वितळलेला भाग खणून रहाटाने वर काढायचा आणि पुन्हा जाळ घालायचा, असे हिवाळाभर चाले. वर काढलेल्या रेतीचे ढीग वसंतात पाणी वाहू लागेपर्यंत तसेच पडून राहत. मग लाकडी पन्हाळींतून पाणी सोडून रेती धुतली जाई आणि जड सोने पन्हाळीच्या तळाशी आडव्या लावलेल्या पट्ट्यांमागे अडके. जाळासाठी लाकूड, विहिरीच्या आधारासाठी लाकूड, पन्हाळीसाठी लाकूड, होडी, झोपडी आणि शेगडी यांसाठीही लाकूडच. म्हणूनच या छायाचित्रांतल्या टेकड्या बोडक्या आहेत. पाहणाऱ्याला वाटते की उत्तरेत झाडे नसतातच. प्रत्यक्षात ती दोन-तीन हिवाळ्यांत जळून गेलेली असतात. १८९६पूर्वी त्याच टेकड्यांची छायाचित्रे घ्यायला तेथे कोणी आलेच नव्हते, त्यामुळे तुलनेसाठी ‘आधीचे’ चित्र मिळत नाही, आणि हे नुकसान सहज नजरेआड होते.

नजरेआड झालेली दुसरी गोष्ट माणसांची आहे. क्लोंडाइक नदी जेथे युकॉनला मिळते तेथे त्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचे सामन मासे पकडण्याचे ठिकाण होते. डॉसनची गर्दी वाढल्यावर त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला सुमारे पाच किलोमीटरवर मूसहाइड येथे नेले. डॉसनच्या रस्त्यांच्या छायाचित्रांत हे स्थलांतर दिसत नाही. त्या परिसराला ‘त्रॉन्डेक-क्लोंडाइक’ या नावाने २०२३मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा हा इतिहास त्या नोंदीचा गाभा होता.

युकॉनमधील सोन्याचे उत्पादन १९००च्या सुमारास शिखरावर पोहोचले, आणि तोवर एकट्या माणसांची गर्दी १८९९पासूनच अलास्कातील नोमकडे वळली होती. नंतरची अर्धशतकाहून जास्त वर्षे ओढ्यांवर तरंगत्या ड्रेजरांचे, म्हणजे तळाची रेती उपसून धुणाऱ्या यंत्रांचे, राज्य होते. त्यांतला चौथ्या क्रमांकाचा ड्रेजर १९१२मध्ये बांधला गेला, १९५९पर्यंत चालला, आणि आज तो जतन केलेला आहे. दगडगोट्यांच्या ज्या राशी त्याने मागे टाकल्या त्या दरीत अजून आहेत. लोकप्रियतेत मात्र ड्रेजरचे एकही छायाचित्र खिंडीतल्या रांगेच्या जवळपासही येत नाही, कारण कंपनीच्या यंत्राची गोष्ट कोणाला स्वतःची वाटत नाही.

काचांचा आणि दृश्याचा पुढचा प्रवास

हेगने डॉसन सोडले तेव्हा त्याच्या बऱ्याच काचा तेथेच राहिल्या. त्यांतला एक मोठा भाग पुढे एका लाकडी घराच्या भिंतीत सापडला. त्या घरातील स्त्रीने काचांवरचा थर खरवडून त्या रोपांसाठीच्या काचघराला लावायचे ठरवले होते, पण ती जेथे काम करत होती त्या दुकानदाराला त्यांचे मोल कळले आणि त्याने बदल्यात साध्या काचा देऊन त्या वाचवल्या, अशी हकीकत सांगितली जाते. आज हेगचा मोठा संग्रह सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्यातील बरीच चित्रे संगणकावर मोठी करून पाहता येतात.

दृश्याला कीर्ती मिळाली ती मात्र संग्रहापेक्षा पडद्यामुळे. चार्ली चॅप्लिनने १९२५च्या ‘द गोल्ड रश’साठी हीच रांग कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या बर्फात शेकडो माणसे उभी करून पुन्हा घडवली. १९५७मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा लघुपट काढला, त्यात स्थिर छायाचित्रांवरून कॅमेरा संथपणे फिरवण्याचे तंत्र होते, आणि अमेरिकेतील माहितीपटांत पुढे रूढ झालेल्या त्या पद्धतीचे श्रेय माहितीपटकार केन बर्न्सने या लघुपटाला दिले आहे. कॅमेरा असा फिरतो तेव्हा प्रेक्षक एकेका ठिपक्याजवळ नेला जातो आणि तेथे चेहरा दिसतो, हा त्याचा मोठा फायदा. तोटा हा की चौकटीच्या कडा विसरल्या जातात. अलास्का राज्याने शताब्दीच्या निमित्ताने मोटारींच्या नंबरपाटीवरही ही रांग छापली. कॅनडातील सोन्याची ही खूण अमेरिकेतील एका राज्याने मिरवली, ही गंमत बाजूला ठेवली तरी स्थळाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही, कारण पायऱ्या होत्या त्या अलास्काच्याच बाजूला.

डायी तर जवळजवळ नाहीसे झाले आहे. शेजारच्या स्कॅग्वेहून व्हाइट पास या दुसऱ्या खिंडीमार्गे रेल्वे जुलै १८९९मध्ये बेनेटला पोहोचली आणि चिल्कूटची वाहतूक थांबली. हिमनद्यांचा भार कमी झाल्याने तेथील जमीन अजूनही दरवर्षी साधारण दीड-दोन सेंटिमीटर वर येते आहे. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत जेथे माल उतरवणाऱ्या होड्या दिसतात तेथे आज गवताळ माळ आहे, आणि गावाच्या मुख्य भागात झाडी वाढली आहे. जुने चित्र हातात घेऊन जागा शोधणाऱ्याला किनाऱ्यापेक्षा मागच्या डोंगरांची कडा जुळवणे अधिक विश्वासार्ह ठरते.

या सगळ्यावरून छायाचित्राखाली कोणती ओळ द्यावी, हा मूळ प्रश्न सुटू शकतो. माझ्या मते ती अशी असावी : ‘चिल्कूट खिंडीची अलास्काकडील बाजू, १८९७-९८चा हिवाळा, स्केल्स येथील मालाचे ढीग आणि बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवरून माल वर नेणारे प्रवासी व हमाल.’ छायाचित्रकाराचे नाव संग्रहातील काच किंवा तिची नोंद ताडून पाहिल्यावरच घालावे. छापील प्रतीच्या मागे दुसऱ्या स्टुडिओचा शिक्का असेल, तर तोही नोंदीत लिहावा, कारण काच कोणाकोणाच्या हातून गेली हे सांगणारा तो अनेकदा एकमेव पुरावा असतो.